छत्तीसचा रोल आणि येडशीचा घाट

धाराशिव जिल्ह्यातल्या येडशीचं नाव अलीकडे राज्यभर गेलं ते एका वाघाच्या फोटोमुळे. डिसेंबर २०२४ मध्ये येडशी रामलिंग घाट अभयारण्यात हा वाघ कॅमेऱ्यात आला. यवतमाळ जिल्ह्यातल्या टिपेश्वरहून साडेचारशे-पाचशे किलोमीटरची मजल मारत तो बालाघाटाच्या या डोंगरांत पोहोचला होता. अंगावरचे पट्टे जुन्या फोटोंशी ताडून त्याची ओळख पटली. अभयारण्य केवढं, तर जेमतेम साडेबावीस चौरस किलोमीटर. तोवर इथे लोक यायचे ते रामलिंगाच्या दर्शनाला, पावसाळ्यात देवळामागचा धबधबा बघायला, फार तर मोर किंवा चिंकारा दिसतो का ते पाहायला. त्यात एकदम वाघ.

पण हा फोटो काढला कुणी, असं विचारलं तर कुणाचंच नाव सांगता येत नाही. झाडाला बांधलेल्या पेटीसमोरून उष्ण अंगाचं काहीतरी सरकलं आणि पेटीने आपणहून फोटो घेतला. माणसाचं काम नंतर सुरू झालं. अशा पेटीच्या कार्डावर हजारो फोटो साठतात; हललेलं गवत, चुकार गाय, रानडुक्कर, लाकूडफाट्याला निघालेली माणसं. त्यातून हवा तो शोधायला कुणाला तरी बसावं लागतं.

शंभर वर्षांपूर्वी हेच काम उलट्या क्रमाने होत असे. कुमाऊँच्या जंगलात एफ. डब्ल्यू. चॅम्पियन नावाचा वनाधिकारी वाघाच्या वाटेवर बारीक तार लावून ठेवी. वाघाचा पाय तारेला लागला की मॅग्नेशियमची पूड भडकायची आणि काचेच्या प्लेटवर चित्र उमटायचं. १९२५ साली ‘इलस्ट्रेटेड लंडन न्यूज’ने त्याचे हे फोटो छापले आणि १९२७ साली ‘विथ अ कॅमेरा इन टायगर-लँड’ हे त्याचं पुस्तक आलं. तार एकदाच ओढली जाई, प्लेट एकदाच खर्ची पडे. आधी सांबर आलं तर सांबर, रात्र संपली. त्यामुळे तार कुठल्या वळणावर लावायची, हे ठरवण्यातच चॅम्पियनचं सगळं कौशल्य होतं. रात्री जे होई ते नुसतं रसायन.

फोटो काढणाऱ्याला निवड टाळता येत नाही. प्रश्न इतकाच की ती खटका दाबण्याआधी करायची की नंतर. हौशी माणूस आज जुना फिल्मचा कॅमेरा धुंडाळतो तेव्हा तो नकळत याच प्रश्नाशी येऊन थांबलेला असतो. स्वतःच्या कामाचा पोर्टफोलिओ बांधायला घेतला की मग हा प्रश्न सुटता सुटत नाही.

हौशी हा शब्द आपण जरा खालच्या पट्टीत वापरतो. फोटोग्राफीच्या बाबतीत तरी तसं करायचं कारण नाही, कारण आपल्याकडे ही कला रुजवली तीच मुळी हौशी लोकांनी. १८५४ साली मुंबईत ‘फोटोग्राफिक सोसायटी ऑफ बॉम्बे’ स्थापन झाली. १८५६ ते १८५८ या काळात मुंबईतून निघालेल्या फोटोंच्या एका मालिकेचं नावच ‘इंडियन अमॅच्युअर्स फोटोग्राफिक अल्बम’ असं होतं. भाऊ दाजी लाडांचे बंधू डॉ. नारायण दाजी हे ग्रँट मेडिकल कॉलेजात शिकलेले वैद्य, आणि त्या सोसायटीतले नावाजलेले फोटोग्राफर. १८५५ साली एल्फिन्स्टन संस्थेत फोटोग्राफीचा वर्ग निघाला. त्यातून शिकून हरिश्चंद्र चिंतामण यांनी पुढे मुंबईत स्वतःचा स्टुडिओ थाटला.

धाराशिवच्या बाजूलाही हा धागा येतो. १८५३ नंतर काही वर्षं नळदुर्ग जिल्ह्याचा कारभार पाहणारा कर्नल मेडोज टेलर १८६६ साली धारवाड-म्हैसूरच्या वास्तूंवरच्या एका मोठ्या ग्रंथाचा मजकूर लिहिताना दिसतो. त्यातले फोटो काढणाऱ्यांत एक डॉक्टर आहे आणि एक तोफखान्यातला कर्नल. ज्या निजामाच्या राज्यात येडशी १९४८ पर्यंत होती, त्या दरबाराचा फोटोग्राफर राजा दीनदयाळ हाही मूळचा इंदूरच्या बांधकाम खात्यातला नोकरदार. १८७० च्या दशकात त्याने छंद म्हणून कॅमेरा हाती घेतला.

या लोकांच्या हातात ओल्या काचेची पद्धत होती. काचेवर कलोडियन ओतायचं, ती चांदीच्या क्षारात बुडवायची आणि ओली आहे तोवर, म्हणजे दहा-पंधरा मिनिटांत, फोटो काढून धुवायची. त्यासाठी डार्करूमचा तंबू, रसायनं आणि पाणी सोबत वागवायचं. एका दिवसात पाच-सहा प्लेटी धड निघाल्या तरी पुष्कळ. आता आपण छत्तीसचा रोल हातात घेऊन ‘किती कमी फोटो!’ म्हणतो, ते या माणसांना ऐकवायला हवं होतं.

येडशीचा स्वतःचा जुना फोटो-इतिहास शोधायचा तर रुळांच्या बाजूने जावं. बार्शी लाइट रेल्वेची अडीच फुटी गाडी १८९७ साली कुर्डुवाडीजवळून बार्शीला आली. १९०७ साली ती येडशीवरून तडवळ्यापर्यंत गेली आणि १९११ साली लातूरला पोहोचली. एव्हरार्ड कॅल्थ्रॉप या इंजिनिअरने आखलेली ही लाइन अरुंद रुळांच्या रेल्वेचा नमुना म्हणून इंग्लंडातही वाखाणली गेली. २००७-०८ मध्ये रूळ रुंद झाले, मार्ग बदलून धाराशिव शहरावरून गेला आणि जुनी गाडी इतिहासजमा झाली. तिचे जे फोटो आज बघायला मिळतात त्यातले बरेच रेल्वेवेड्या हौशी मंडळींनी फिल्मवर काढलेले आहेत. काही तर खास वाफेच्या इंजिनांसाठी परदेशातून कुर्डुवाडीला उतरलेल्यांचे. आमच्याकडच्या लोकांनी त्या गाडीत बसून लग्नाला जाताना नवरानवरीचे फोटो काढले, गाडीचा काढला नाही. रोजची गोष्ट फोटोत घ्यायची असते हे रोज बघणाऱ्याला सुचत नाही. येडशीत राहणाऱ्या किंवा बार्शी-धाराशिवहून येणाऱ्या हौशी माणसाचा खरा फायदा मात्र इथेच आहे. बाहेरचा एकदा येतो. याला त्याच जागी जानेवारीत, मेमध्ये आणि श्रावणातही उभं राहता येतं.

आता फिल्मकडे येऊ. चाळिशी उलटलेल्या वाचकाला तिची ओळख नको. आगफाचा क्लिक थ्री हा बडोद्यात बनणारा खोकेवजा कॅमेरा, एका रोलमध्ये बारा चौकोनी फोटो. उटीजवळच्या सरकारी हिंदुस्तान फोटो फिल्म्सचा ‘इंदू’ रोल. स्टुडिओत रोल धुवायला टाकून आठवडाभर वाट पाहणं. छत्तीसच्या रोलात सदतिसावा फोटो बसवण्याची धडपड. मग डिजिटल आलं आणि हे सगळं फार थोड्या वर्षांत आवरलं गेलं. २००९ साली कोडॅकने कोडाक्रोम ही फिल्म थांबवली, जानेवारी २०१२ मध्ये कंपनीने दिवाळखोरीचा अर्ज केला. सगळे मर्तिकाला निघाले आणि मढं उठून बसलं. आधी बंद केलेली एक्टाक्रोम फिल्म कोडॅकने २०१८ साली पुन्हा बाजारात आणली. २०२४ साली पेंटॅक्सने फिल्मचा नवाकोरा कॅमेरा काढला, पेंटॅक्स १७. ही मागणी आली ती बहुतेक अशा मुलामुलींकडून, ज्यांनी लहानपणी रोल पाहिलाही नव्हता.

फिल्मचा फोटो मुळात ‘जास्त खरा’ किंवा ‘जास्त सुंदर’ असतो, हे मला पटत नाही. आजचा मध्यम किमतीचा मोबाइल रात्रीच्या अंधारात जे करतो ते ट्राय-एक्ससारख्या फिल्मला जमणार नाही. शिवाय खर्च आहेच. रंगीत रोल, धुलाई आणि स्कॅन मिळून हिशेब सहज हजार रुपयांच्या वर जातो. तरीही फिल्म शिकावी असं मी म्हणतो, कारण तिच्यात फोटो काढण्याची वेळ आणि फोटो बघण्याची वेळ यांच्यात दिवस जातात. मोबाइलमध्ये काढल्या काढल्या आपण बघतो. त्या क्षणी आपल्या डोक्यात ऊन, चढण, सोबतीचा माणूस सगळं ताजं असतं आणि ते आपण फोटोतच आहे असं समजतो. आठ दिवसांनी निगेटिव्ह हातात येते तेव्हा चढणीचा दम उतरलेला असतो. मग फोटोत जे आहे तेवढंच दिसतं, आणि ते बहुधा आठवणीपेक्षा कमी असतं.

येडशीच्या उजेडाशी फिल्मची गाठ पडते तेव्हा थोडं गणित लागतं. कॅमेऱ्याचा मीटर बंद असेल तरी लख्ख उन्हाचा जुना नियम आहे: छिद्र एफ १६ वर आणि खटक्याचा वेग फिल्मच्या अंकाइतका. चारशेची फिल्म असेल तर सेकंदाचा पाचशेवा भाग, जवळात जवळचा तोच. मार्च ते मे हा नियम घाटमाथ्यावर चालतो. पण रामलिंगाचं देऊळ दरीत आहे, पायऱ्या उतरून खाली जावं लागतं. तिथे माथ्यावर ऊन आणि खाली काळ्या दगडावर झाडांची सावली, असा मामला. मीटरला जग करड्या रंगाचं असावं अशी अपेक्षा असते. काळा बेसाल्ट दाखवला की तो उजेड वाढवायला सांगतो आणि दगड राखाडी करून टाकतो. आभाळ चौकटीत जास्त आलं की उलट होतं, देऊळ काजळून जातं. निगेटिव्ह फिल्मसाठी जुन्या लोकांचा सल्ला सोपा होता: सावलीत जिथे तपशील हवा तिथलं मोजा आणि त्याहून थोडं कमी द्या. उजेडाचा भाग निगेटिव्ह सांभाळून घेते. डिजिटलमध्ये नेमकं याच्या उलट करायचं असतं, म्हणून तिकडून आलेल्यांचे पहिले रोल हमखास फिके निघतात.

कृष्णधवल फिल्मची आणखी एक गंमत फाल्गुनात कळते. पळस फुलतो. डोळ्यांना डोंगर पेटल्यासारखा दिसतो, आणि फोटोत फुलं गायब! केशरी फूल आणि त्यामागचं सुकं गवत यांची करड्या रंगातली छटा जवळजवळ एकच पडते. भिंगापुढे नारिंगी किंवा लाल फिल्टर लावला की फुलं उजळून जवळजवळ पांढरी होतात आणि निळं आभाळ काळवंडतं. तेरला त्रिविक्रमाच्या विटांच्या देवळासमोरही हाच फिल्टर लाल विटा उजळतो. येडशीहून तेर फार लांब नाही, प्राचीन तगर ते हेच; पुरातत्त्व खात्याच्या हेन्री कझन्सने विसाव्या शतकाच्या सुरुवातीला त्यावर सविस्तर लिहिलं. पिवळा फिल्टर एरवी लावून ठेवावा, नाहीतर पावसाळ्याआधीचे सुरेख ढग पांढऱ्या आभाळात विरघळतात. आपल्याला रंगात काय दिसतं ते विसरून फक्त उजेड-अंधार बघायची सवय लागते, ती पुढे मोबाइल वापरतानाही सुटत नाही.

रोल घरी धुणं अवघड नाही. मराठवाड्यात ते घड्याळापेक्षा पाण्यामुळे अवघड होतं. फिल्म धुण्याच्या टाकीच्या चाकावर चढवायला मिट्ट काळोख लागतो. काळी पिशवी नसेल तर अमावास्येची रात्र, खिडकीवर गोधडी. एकदा झाकण लागलं की बाकीचं दिवसाउजेडी होतं. डी-७६ किंवा आयडी-११ या नेहमीच्या डेव्हलपरची वेळ वीस अंशाला दिलेली असते. इलफर्डच्या एचपी-५ प्लसला ती साडेसात मिनिटं आहे. आता वैशाखात येडशीत वीस अंशाचं पाणी आणायचं कुठून? गच्चीवरच्या टाकीतलं पाणी चहाला ठेवल्यासारखं उतरतं. माठ उपयोगी पडतो, कारण कोरड्या हवेत त्याचं पाणी बाष्पीभवनाने चांगलं निवतं. पावसाळ्यात हवा दमट झाली की मात्र माठाचा जोर ओसरतो. चोवीस अंशांपर्यंत वेळ कमी करून निभावतं, पण पाच मिनिटांच्या खाली उतरलं तर फिल्म ठिकठिकाणी कमी-जास्त धुतली जाते. तीस अंशांच्या वर जिलेटिन फुगून मऊ पडतं, कडेने सुटायला लागतं. उष्ण देशांसाठी जुन्या काळी डेव्हलपरमध्ये सोडियम सल्फेट घालत ते हे फुगणं रोखण्यासाठी. बर्फाच्या परातीत बाटल्या ठेवाव्यात हे उत्तम. मात्र डेव्हलपर, चित्र पक्कं करणारा हायपो, धुण्याचं पाणी सगळं एकाच तापमानाचं हवं. थंडातून एकदम गरमात गेली तर फिल्मवर बारीक जाळी पडते, आणि ती कायमची.

मग धुणं. पुस्तकात लिहिलेलं असतं, वाहत्या पाण्याखाली अर्धा तास. एप्रिल २०१६ मध्ये मिरजेहून लातूरला रेल्वेने पिण्याचं पाणी न्यावं लागलं होतं. पहिल्या खेपेला दहा टाक्या, पाच लाख लिटर. ती गाडी येडशीच्या याच रेल्वेमार्गाने गेली. ज्या मुलखाने हे पाहिलं तिथे अर्धा तास नळ सोडून फोटो धुणाऱ्याला घरचेच उभं करणार नाहीत, आणि बरोबरच आहे. इलफर्डने सांगितलेली काटकसरीची रीत इथे हवी: टाकी भरा, पाच वेळा उलटी-सुलटी करा, ओता, पुन्हा भरा, दहा वेळा, पुन्हा भरा, वीस वेळा. तीन टाक्यांत काम झालं. बोअरचं पाणी जड असतं, वाळल्यावर निगेटिव्हवर पांढरे डाग सोडतं. म्हणून शेवटची बुडी बॅटरीच्या दुकानात मिळणाऱ्या डिस्टिल्ड पाण्यात द्यावी. रोल वाळत घालण्याआधी न्हाणीघरात गरम पाण्याची बादली ओतून वाफ करावी म्हणजे धूळ खाली बसते. ज्वारीच्या मळणीच्या दिवसांत तर करावीच. वापरलेल्या हायपोत चांदी उतरलेली असते. तो विहिरीकडे किंवा मोरीवाटे शेतात जाऊ देऊ नये, डब्यात साठवून एखाद्या एक्स-रे केंद्राला विचारावं.

रोल धुऊन झाला की मोह होतो लगेच स्कॅन करून चांगले दोन उचलायचा. इथेच थोडं आवरावं. छत्तीसच्या छत्तीस चौकटी एका कागदावर निगेटिव्हच्याच आकारात छापायच्या. याला कॉन्टॅक्ट शीट म्हणतात. डार्करूम नसेल तर मोबाइलच्या पांढऱ्या पडद्यावर निगेटिव्हच्या पट्ट्या ठेवून फोटो काढून उलटवला तरी चालतो. या कागदावर आपण देवळाभोवती कसे फिरलो, कुठे घाई केली, कुठला फोटो पाच वेळा काढला, सगळं उघडं पडतं. एकाच गोष्टीचे पाच असतील तर बहुधा पहिलाच चांगला असतो किंवा पाचवा. मधले तीन नुसतं घाबरणं.

अमेरिकन फोटोग्राफर गॅरी विनोग्रँड काढलेले रोल मुद्दाम एक-दोन वर्षं न धुता ठेवी, काढतानाची मनःस्थिती विसरली जावी म्हणून. औषध अती झालं: १९८४ साली तो वारला तेव्हा सुमारे अडीच हजार रोल न धुतलेले राहिले होते. महिनाभर थांबणं आपल्याला पुरे.

पोर्टफोलिओसाठी पंधरा-वीस फोटो खूप झाले. येडशीत फिरणारा माणूस पहिल्या फेरीला देऊळ, धबधबा, माकड, सूर्यास्त, म्हातारीचा सुरकुतलेला चेहरा आणि महामार्गावरचे दिवे असे सहा विषय गोळा करतो. त्यातला एकेक बरा असेलही. एकत्र ठेवले की ते सहा वेगळ्या माणसांनी काढल्यासारखे दिसतात. त्यापेक्षा एक घ्यावा. जुन्या अरुंद रुळांचा मार्ग आता जिथे जिथे बांधावरून, शेतातून, बाभळीतून ओळखू येतो त्याचाच पाठलाग केला, तरी एका वर्षाचं काम आहे. नाहीतर रामलिंगाचा ओढा एका ठरावीक पायरीवरून बाराही महिने. किंवा नुसता येडशीचा चौक, जिथे सोलापूर-छत्रपती संभाजीनगर रस्ता बार्शी-लातूर रस्त्याला छेदतो आणि एसटीची वाट बघणारी माणसं सावलीबरोबर सरकत असतात. जंगलाचा विषय घेतला तर वनखात्याला विचारूनच आत जावं; वाघ आल्यापासून तर हे सांगायलाच नको.

एकच विषय धरून ठेवण्याचं उदाहरण हवं तर संडूरच्या घोरपड्यांकडे बघावं. एम. वाय. घोरपडे हे कर्नाटकातल्या मराठा संस्थानिक घराण्यातले, राज्याचे अर्थमंत्री राहिलेले. अर्थसंकल्पाच्या धबडग्यातून वेळ काढून ते जंगलात जात आणि प्रामुख्याने कृष्णधवल फिल्मवर वन्यप्राणी टिपत. १९८३ साली ‘सनलाइट अँड शॅडोज’ हे त्यांचं पुस्तक आलं, आणि नावातच त्यांचा विषय आहे, ऊन आणि सावली; प्राणी त्या दोघांच्या मध्ये उभे.

वीस फोटो निवडून झाले की छोटे प्रिंट काढून भिंतीवर लावावेत आणि घाट न चढलेल्या एखाद्या परखड माणसाला दाखवावेत. मामा, मावशी, व्हॉट्सअ‍ॅप ग्रुप यांना नको, ते सगळ्यालाच छान म्हणतात. ज्या फोटोचं समर्थन करताना ‘तेव्हा ना, असं झालं होतं’ अशी सुरुवात करावी लागते तो काढून टाकावा. बहुतेक वेळा तो आपला सगळ्यात लाडका असतो.

निगेटिव्ह कागदी पाकिटात ठेवून पाकिटावर पेन्सिलीने जागा, तारीख आणि तोंड कुठल्या दिशेला होतं ते लिहावं. दीनदयाळच्या स्टुडिओच्या २,८५७ काचेच्या निगेटिव्ह दिल्लीच्या इंदिरा गांधी राष्ट्रीय कला केंद्रात शिल्लक आहेत, त्या कुणीतरी नीट जपल्या म्हणूनच. पावसाळ्यात कॅमेरा आणि निगेटिव्ह पत्र्याच्या डब्यात सिलिका जेलच्या पुड्यांसोबत ठेवाव्यात, नाहीतर भिंगावर बुरशी धरते. फोटोखाली फक्त गाव, जागा आणि महिना लिहावा. ‘फिल्मवर काढलेला’ असं लिहू नये. बघणाऱ्याला फोटो आवडला तर तो विचारेल, आणि नाही विचारलं तरी बिघडत नाही.